कॉकपिटची हळद

माझी पदविका गृहसजावटीची. लातूरला असताना मोठ्या हौसेने घेतलेली. लग्न होऊन नांदे गावातल्या नव्या सोसायटीत आले, तेव्हा तिचा उपयोग एवढाच उरला होता, की कुणी फ्लॅट घेतला की मला चहाला बोलवायचं, हॉलला कुठला रंग द्यावा ते फुकटात विचारायचं आणि शेवटी शेजारच्यांनी दिलाय तोच द्यायचा. सात वर्षं मी असा सल्ला दिला. एकाही भिंतीवर माझा रंग लागला नाही.

दोन हजार सहाचा सुमार असेल. विमानाची तिकिटं एकदम स्वस्त झाली होती आणि ज्याचा त्याचा मुलगा पायलट व्हायला निघाला होता. पिरंगुटच्या हार्डवेअरच्या दुकानात चिठ्ठी चिकटवलेली दिसली, ‘इंटिरियर फिनिशिंगसाठी व्यक्ती पाहिजे, भरे गाव.’ मला वाटलं, कुणाचा तरी बंगला असेल. गेले तर एका पत्र्याच्या शेडमध्ये विमानाची नुसती तोंडं ठेवलेली. फायबरची, पंख नाहीत, शेपूट नाही. शिकाऊ पायलटांनी आत बसून बटणं दाबायला शिकायचं, त्यासाठी. शेडचे मालक, आम्ही सगळे त्यांना साहेब म्हणायचो, मला म्हणाले, “इंटिरियर येतं ना?”

“येतं.”

“मग झालं तर. आतला रंग तुम्ही ठरवायचा. गिऱ्हाइकाकडून पास करून घ्यायचा. विमानं पास झाली, की पुढचं बघू.”

‘पुढचं बघू’ म्हणजे काय ते मला कळलं. रंग पास झाला नाही तर घरी. आणि मला ती नोकरी हवी होती. हवी म्हणजे हवीच. सासूबाई दर रविवारी फोनवर “अजून जातेस का गं तिकडे?” असं विचारायच्या, जणू मला खोकला झालाय. नवरा हिंजवडीत कामाला. तो काही विरोध करायचा नाही. फक्त त्याच्या मित्रांना सांगताना “ती असंच काहीतरी करते, टाइमपास,” असं हसून सांगायचा. त्या हसण्यासाठी तरी मला कायमचं नेमणूकपत्र पाहिजे होतं.

ती शेड मूळची कोंबड्यांची. कोंबड्या जाऊन वर्ष झालं होतं, पण पिसं गेली नव्हती. पत्र्याच्या सांदीतून ती कुठूनशी निघायची आणि ओला रंग बघून नेमकी त्यावर येऊन बसायची. आमच्या पहिल्या नमुन्याला गिऱ्हाइकाने “टेक्स्चर चांगलं आहे” म्हटलं, ते कोंबडीमुळे.

गिऱ्हाईक म्हणजे विमान शिकवणारी एक संस्था. रंग पास करायला तिने एक निवृत्त कॅप्टन नेमले होते. त्यांचं जवळच रिह्याच्या खोऱ्यात फार्महाऊस होतं. उंच, ताठ, पांढऱ्या मिशा. बोलणं अर्धं मराठी, अर्धं हुकूम. त्यांनी पहिल्या दिवशी मला शाळेतल्यासारखं समजावलं. कॉकपिटमध्ये चकचकीत रंग नको, उजेड मारतो. फिका नको, समोरच्या काचेत त्याचं प्रतिबिंब पडतं. काळा नको, उन्हात तापतो आणि माणूस उदास होतो. निळसर नको, झोप येते. “म्हणजे राखाडी,” मी म्हटलं.

“राखाडी हा रंग नाही मॅडम,” ते म्हणाले, “ते आडनाव आहे. त्यात पन्नास जण येतात.”

आणि मग त्यांनी त्यांची परीक्षा सांगितली. पायलटचं लक्ष बाहेर पाहिजे. म्हणून आतला रंग असा पाहिजे, की माणूस आत बसून बाहेर आला आणि त्याला विचारलं, ‘रंग कुठला होता?’ तर त्याला सांगता येऊ नये. सांगता आला, की रंग नापास.

आता शेडमध्ये सगळ्यांना माहीत होतं की राखाडी लावलाय. आमचा रंगारी गोरखपूरकडचा, फवारा मारण्यात हात बसलेला माणूस. त्याला कॅप्टन आत बसवायचे, थोड्या वेळाने बाहेर काढायचे आणि विचारायचे.

“ग्रे, सर.”

“फेल!”

त्या बिचाऱ्याला वाटायचं, आपण नापास झालो. तो पुढच्या वेळी घाबरून “ब्लू” म्हणाला, तर कॅप्टन माझ्याकडे वळून म्हणाले, “बघा, निळसर मारतोय.” तोही नमुना गेला.

एकदा त्यांनी फायबरचं ते तोंड हातगाडीवर चढवून बाहेर भातखाचराच्या बांधावर न्यायला लावलं, मावळतीकडे तोंड करून. स्वतः आत बसले, डोक्यावर टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा. दोघं जण गाडी हलवायला उभे केले, कारण हवेत विमान हलतं. गवत कापायला आलेल्या बायका विळे घेऊन बांधावर येऊन उभ्या राहिल्या. कॅप्टन आतून ओरडले, “उपदेश करतोय हा रंग! उपदेश नको!” मी ते लिहून घेतलं. दुसरं काय करणार? एका रंगाबद्दल ते ‘सरकारी’ म्हणाले, एकाबद्दल ‘ह्याला सहानुभूती नाही’. मी रोज संध्याकाळी सहानुभूती असलेला राखाडी शोधत बसायची.

त्या जागेची मालकीण शेडच्या मागेच राहायची. सगळे त्यांना वहिनी म्हणत, म्हणून मीही. भात, म्हशी आणि भाडेकरू असं तिन्ही सांभाळणारी खमकी बाई. कॅप्टननी एकदा त्यांनाही आत बसवलं आणि रंग विचारला.

“राखुंडीचा,” वहिनी म्हणाल्या. “आमच्या सासऱ्यांची राखुंडी अशीच व्हती. दात लई चांगले व्हते त्यांचे.”

तो नमुनाही नापास. साहेबांचा चेहरा आता पडायला लागला होता. ते मला म्हणाले, “दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कॅप्टन शेवटचं बघायला येणार. त्या दिवशी नाही झालं, तर ऑर्डर दुसरीकडे जाईल.” मी पुन्हा एक साधा राखाडी नमुना मारून घेतला, पत्र्यावर, भिंतीला टेकवून ठेवला आणि सणाच्या तयारीला घरी गेले. आशा अशी काही नव्हतीच.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कॅप्टन आले, रांगेतल्या पत्र्यांवरून नजर फिरवली आणि एकापुढे थांबले. वाकले, मागे सरले, डोळे मिटले, उघडले.

“हा,” ते म्हणाले. “हा कुणी केला?”

मी बघितलं. माझाच होता, पण माझा नव्हता. राखाडीच, पण आत काहीतरी ऊब आलेली, हिरवट म्हणावं तर हिरवट नाही, पिवळट म्हणावं तर तेही नाही. पातळ कढीत कुणी चिमूटभर राख टाकावी तसा. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, “मीच.” खोटं नव्हतं. मी तसंच समजत होते. रात्रीत रंग वाळला की थोडा बदलतो, हे काही नवीन नाही.

कॅप्टननी रंगाऱ्याला समोर बसवलं, मग पाठ फिरवायला लावली. “कौन सा कलर था?”

रंगाऱ्याने डोकं खाजवलं. “मालूम नहीं सर.”

“पास!” कॅप्टननी पत्र्याच्या मागे सही केली, तो मधोमध कापून घेतला, अर्धा तुकडा लिफाफ्यात घालून बरोबर नेला, अर्धा आमच्यासाठी ठेवला. आता ऑर्डरची चारही कॉकपिटं ह्या रंगात करायची.

मी त्या दिवशी घरी पेढे नेले.

मग सुरू झाला छळ. तो रंग काही केल्या पुन्हा होईना. त्याच डब्यातला रंग, तोच फवारा, तोच रंगारी, आणि येतोय सरळ राखाडी. पिरंगुटच्या रंगवाल्याकडे मशीनवर छटा जुळवून घेतल्या, एकही बसेना. आमचा अर्धा तुकडा मी खिडकीत ठेवला होता, नीट उजेडात बघता यावा म्हणून. एक दिवस मला वाटलं, जमला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावून बघितला तर फरक. मला वाटलं, माझेच डोळे बिघडले. पण नाही. नमुनाच बदलत होता. मी त्याच्याजवळ जात होते आणि तो रोज थोडा पांढरा पडून लांब सरकत होता. मी घरी येऊन भांड्यांवर राग काढायला लागले. नवरा म्हणाला, “एवढं काय, राखाडी तो राखाडी.” त्या रात्री त्याला वाढलं नाही मी.

शेवटी वाटलं, पिसांची धूळ बसली असेल. हात धुवायच्या मोरीवर गेले, कपड्याच्या साबणाचा तुकडा घेतला आणि नमुन्याचा एक कोपरा चोळला.

कोपरा लाल झाला.

कुठल्याही बाईला हे सांगावं लागत नाही. पांढऱ्या कपड्यावर वरणाचा डाग पडला आणि त्याला साबण लावला की काय होतं? लाल होतो. आणि उन्हात वाळत घातला की उडून जातो. विमानाच्या रंगात हळद होती.

रंगाऱ्याला धरलं. तो आधी पायाच पडायला लागला. “दशहरे के दिन भाभीजी ने पूजा किया था मैडम. पत्रे को भी हल्दी लगा दी. साहब लोग आने वाले थे, तो हमने थिनर मारके पोंछ दिया. पर वो गई नहीं, पूरे में फैल गई.”

वहिनींकडे गेले. त्यांना त्यात काहीच चुकीचं वाटलं नाही. “खंडेपूजा व्हती. कंप्रेसरला लावली, ड्रिलला लावली, पान्ह्यांना लावली. तुमचा पत्रा बी रांगेत हुबा व्हता. त्याला सोडून कसं चालंल? अवजाराच्या रांगेत हाय म्हंजी अवजारच की.”

साहेबांना सांगितलं. ते थिनरच्या ड्रमवर बसले. “हळद? आपली हळद?”

“आपलीच. भाजीत घालतो ती.”

मग म्हणाले, “कॅप्टनना कळू द्यायचं नाही.” मला ते पटेना. लपवून ठेवलेला रंग जुळवायचा कसा? मी स्कूटी काढली आणि थेट रिह्याला गेले. कॅप्टन व्हरांड्यात बसून बूट पुसत होते. मी बसायच्या आधीच सांगून टाकलं, “सर, तुम्ही पास केलाय तो रंग नाही, ती हळद आहे.”

त्यांनी एक बूट पुसून पूर्ण केला. मग दुसरा घेतला.

“मॅडम,” ते म्हणाले, “ती आता हळद असू शकत नाही.”

“म्हणजे?”

“मी हेड ऑफिसला कळवलंय. मानवी डोळा, थकवा, उबदार न्यूट्रल टोन, सगळं सविस्तर. त्यांनी ते वाचून माझं अभिनंदन केलंय. तुकडा तिथल्या कपाटात आहे. तुम्हाला तो रंग द्यायचाय. तो कसा येतो, हा तुमचा प्रश्न.”

मी निघाले. फाटकापर्यंत पोचले तर मागून आवाज आला, “आणि एकसारखी लावा!”

म्हणजे ठरलं. आधी राखाडी मारायचा, मग हळद लावायची, मग थिनरने पुसायचं. पण त्यात वहिनी आडव्या आल्या. रंगारी हळदीची पाकिटं फोडून बादलीत कालवतोय हे त्यांनी बघितलं आणि त्यांचा पारा चढला.

“हळद म्हंजी काय डिस्टेंपर हाय व्हय? आन ती बी गडीमाणसानं बादलीत? माझ्या जागंत असलं चालायचं न्हाई. लावायची तर रीतीनं लावा.”

“वहिनी, दसरा तर झाला,” मी म्हटलं.

“मग लग्नाची लावू. नवऱ्या मुलाला लावत्यात तशी. चौघंबी एकाच मांडवात उरकू.”

मला हसावं की रडावं कळेना, पण पर्याय नव्हता. वहिनींनी भऱ्यातल्या सवाष्णी गोळा केल्या. चार कॉकपिटं शेडमध्ये ओळीने मांडलेली, प्रत्येकाच्या नाकावर आंब्याचं डहाळं. बायका चपला काढून आत बसल्या, एक पायलटच्या जागी, एक शेजारी, आणि आंब्याच्या पानांनी आतून हळद लावायला लागल्या. बटणांच्या मधूनमधून. गाणी चालू. त्यांच्या मागोमाग मी आणि रंगारी थिनरचे बोळे घेऊन पुसत होतो. थिनरच्या वासाने सगळ्यांची डोकी हलकी झाली होती, त्यामुळे गाणी जास्तच रंगली.

एका म्हाताऱ्या बाईंनी मला विचारलं, “ताई, ह्यात बसून कुटं जायाचं?”

“कुठं नाही. हे उडत नाही.”

“मग शिकणार कसं?”

“आत बसून.”

त्यांनी विचार केला. “बांधावर बसून औत शिकल्यागत म्हना की,” आणि पुन्हा हळद लावायला लागल्या.

तेवढ्यात दारात कॅप्टन. चार दिवस आधीच आले होते. बायकांनी पदर सावरले. कॅप्टननी सगळं बघितलं, डहाळी, परात, पायलटच्या जागेवर बसलेल्या बाई. मग बूट काढले, आत आले, खिशातून हेड ऑफिसातून मागवून आणलेला नमुन्याचा तुकडा काढला आणि एकेका कॉकपिटला लावून बघितला. लिफाफ्यात, अंधारात राहिल्यामुळे तो तसाच्या तसा होता.

“दुसऱ्या नंबरला डावीकडे कमी पडलीय,” ते म्हणाले.

वहिनींनी तिथे आणखी हळद लावली. मी पुसली. कॅप्टननी चारही पास केली, तुकडा लिफाफ्यासकट माझ्याकडे ठेवायला दिला आणि जाताना वहिनींनी त्यांच्या कपाळालाही बोट टेकवलं. ते तसेच गाडी चालवत गेले.

कॉकपिटं गेली. साहेब खूश, पण माझ्या नेमणुकीबद्दल अवाक्षर नाही. मी विचारलं की “बघू, बघू.” शेडमध्ये माझ्यासाठी काम उरलं नव्हतं. मला मात्र चैन पडत नव्हती. हळदीचा तो रंग खऱ्या, पक्क्या रंगात करता येतो की नाही? पिवळी माती, थोडा हिरवा, किंचित काळा, असं करत रोज मी एकटी मिसळत बसायची. कुणी सांगितलं नव्हतं. आणि एका दुपारी तो आला. कॅप्टनच्या नमुन्यापासून वेगळा सांगता येणार नाही इतका हुबेहूब. मी पट्टी रंगवून गच्चीवर उन्हात ठेवली. महिना उलटून गेला, ती जशीच्या तशी राहिली. इतका आनंद मला कधी झाला नव्हता, लग्नातसुद्धा नाही, आणि हे मी नवऱ्यालाही सांगितलंय. पट्टी पर्समध्ये घालून, डबा पिशवीत घेऊन मी साहेबांकडे गेले. आता नाही म्हणूच शकणार नाहीत.

साहेब माझीच वाट बघत होते. तोंडभर हसत म्हणाले, “मॅडम, बसा. त्या संस्थेचा फोन होता. रंग उडतोय.”

“उडणारच. खिडकीपाशी ठेवली असतील.”

“हो ना! म्हणतात, दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी येऊन पहिल्यासारखा करून द्या. देखभालीचं कायमचं काम मिळालं. तेव्हा तुम्ही आजपासून कायम.”

माझा हात पर्समध्ये होता, पट्टीवर.

“आणि साहेब, रंग टिकला असता तर?”

ते मोकळेपणाने म्हणाले, कारण माणूस मनाचा वाईट नव्हता, “टिकला असता तर तुमचं काम डिलिव्हरीलाच संपलं होतं की. तुम्हाला कसं सांगावं, ह्याच विचारात होतो मी इतके दिवस.”

मी हात बाहेर काढला, रिकामा. “पत्र आत्ता टाइप होईल का?”

झालं. सही झाली, शिक्का बसला. मी ते पत्र नीट वाचलं, घडी घातली, आणि मग पट्टी काढून त्यांच्या टेबलावर ठेवली.

“हे काय?”

“तोच रंग. हळद नाही ह्यात. महिनाभर ऊन खाल्लंय.”

साहेबांनी पट्टी उचलली, दारात जाऊन उजेडात धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. त्यांना रंगातलं कळत होतं. कळलं ते चेहऱ्यावर दिसलं. परत येऊन बसले आणि पट्टी माझ्याकडे सरकवली.

“फार सुंदर झालाय,” ते हळू आवाजात म्हणाले. “घरी घेऊन जा.”

मला भांडायचं होतं. ओरडून सांगायचं होतं, की अहो, हेच तर काम होतं ना माझं? पण हातात पत्र होतं आणि ते मला सोडवत नव्हतं. त्यानंतर दोन हजार दहापर्यंत मी आणि वहिनी वर्षातून चार-पाचदा जीपने त्या संस्थेत जायचो. वहिनींच्या मांडीवर हळदीचा डबा. पोरं वर्गाबाहेर उभी राहायची आणि आम्ही दोघी आत हळद लावायचो. नवरा मित्रांना सांगायला लागला, “ती विमानांचं बघते.”

रंगाचा तो डबा मी त्याच आठवड्यात फोडला आणि आमच्या बाल्कनीची जाळी रंगवून टाकली. सासूबाई पुढच्या दिवाळीला आल्या, जाळीकडे बघून म्हणाल्या, “एवढी रंगातलं शिकलीस आणि स्वतःच्या घराला हा रंग?” आमची बाल्कनी पश्चिमेची, दुपारी दोनपासून ऊन थेट जाळीवर येतं. इतकी वर्षं झाली, जरासुद्धा उडालेला नाही.